बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलायचं आहे: अर्जात कारण काय लिहावं?

वऱ्हाडी_पोरगा

नमस्कार. बी.एस्सी. पहिलं वर्ष विदर्भातल्या एका संलग्न कॉलेजात झालं आहे. विषय गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र. आता दुसऱ्या वर्षाला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात जायचं आहे. माझी कारणं अशी:

१) इथे संख्याशास्त्र पहिल्या वर्षाला आहे, पण दुसऱ्या वर्षापासून मेजर (मुख्य विषय) म्हणून फक्त गणित किंवा भौतिकशास्त्रच घेता येतं.
२) वडिलांची बदली चाकणच्या कारखान्यात झाली आहे.
३) निकाल फार उशिरा लागतात.
४) प्रॅक्टिकलला सगळं वहीवरच चालतं, 'आर' किंवा पायथन या संगणकभाषा शिकवत नाहीत.
५) पुण्यात कॅम्पसला कंपन्या येतात.

अर्जात यातली कोणती कारणं लिहू, कोणत्या क्रमाने? आणि मुळात असं जाता येतं का? अनुसूचित जाती प्रवर्गात आहे, महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) भारत सरकार शिष्यवृत्ती मिळते. एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आहे, त्यात दोन्ही सत्रांचे क्रेडिट दिसतात.

खिडकी_क्रमांक_चार

जाता येतं, पण तो हक्क नाही. तीन गोष्टी जुळल्या तरच होतं: नव्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला रिकामी जागा, तुमच्या पहिल्या वर्षाची समकक्षता आणि जुन्या कॉलेजचा ना हरकत दाखला. एबीसीचा इथे बऱ्याच मुलांचा गैरसमज असतो. ती क्रेडिटची खातेवही आहे. खात्यात ४४ क्रेडिट दिसले म्हणून नवं विद्यापीठ प्रवेश द्यायला बांधील होत नाही.

तुमची वेळ मात्र बरोबर आहे. एबीसीच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. तीन वर्षांची पदवी साधारण १३२ क्रेडिटची धरली, तर पहिल्या वर्षाचे ४४ बाहेरून आणले तरी ८८ नव्या ठिकाणी होतात, अडचण येत नाही. हाच विचार दुसरं वर्ष संपल्यावर केला तर बाहेरचे ८८ आणि नव्या ठिकाणचे फक्त ४४, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीसाठी दार बंद. चार वर्षांच्या १७६ क्रेडिटच्या पदवीत ८८ बरोबर निम्मे भरतात, पण तेव्हा एकही क्रेडिट इकडेतिकडे होऊन चालत नाही. तिसऱ्या सत्रानंतर, वर्षाच्या मध्येच, जाण्याचा विचार सोडून द्या. तशी बदली जवळपास कोणीच घेत नाही.

आता कागदांचा क्रम. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नव्या कॉलेजात साधा अर्ज द्यायचा. सोबत दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिकांच्या प्रती, बोनाफाईड, एबीसीचा उतारा आणि पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची प्रत. अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पानावर जुन्या कॉलेजचा शिक्का आणि सही हवी. संकेतस्थळावरून नुसती छापून आणलेली प्रत बहुतेक वेळा परत येते. नव्या कॉलेजकडून 'जागा उपलब्ध असून पात्रतेच्या अधीन राहून प्रवेश देण्यास हरकत नाही' अशा अर्थाचं पत्र लेखी घ्या. ते हातात आल्यावर जुन्या कॉलेजात ना हरकत दाखल्याचा अर्ज. त्यानंतर कॉलेज सोडल्याचा दाखला (एलसी) आणि अगदी शेवटी जुन्या विद्यापीठाकडून मायग्रेशन प्रमाणपत्र.

हा क्रम उलटा करू नका. एलसी काढला की हजेरीपटावरून नाव जातं. नव्या ठिकाणी नकार आला तर जुन्या कॉलेजात नव्याने प्रवेशासाठी विनवण्या कराव्या लागतात, आणि तोवर ती जागाही भरलेली असू शकते. मायग्रेशन काढल्यावर परत यायचं तर ते जमा करून रद्द करून घ्यावं लागतं. 'आधी सगळे कागद काढून ठेवतो, मग पुण्यात जाऊन बघतो' हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका.

नव्या ठिकाणी प्रवेश मिळाल्यावर पात्रता अर्ज भरायचा आणि नवा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) घ्यायचा. सुरुवातीची पात्रता तात्पुरती असते. मूळ मायग्रेशन आणि मूळ गुणपत्रिका वेळेत पोचल्या नाहीत तर परीक्षा देता येते, पण पात्रतेअभावी निकाल राखून ठेवला जातो. कॉलेजात कागद दिले म्हणजे ते विद्यापीठात पोचले असं समजू नका. पात्रता विभागाच्या आवक क्रमांकासह पोच मागा.

संख्याशास्त्र_मास्तर

कारणांबद्दल लिहितो. तुझी पाचही कारणं खरी असतील, पण अर्जात पाचांना जागा नाही. हा अर्ज कोण वाचणार ते आधी बघ. पहिला वाचक नव्या कॉलेजातला संख्याशास्त्राचा विभागप्रमुख. त्याला एवढंच बघायचं असतं की हा मुलगा तिसऱ्या सत्राच्या वर्गात बसवला तर त्याला पुढचं कळेल का. दुसरा पात्रता विभागातला कर्मचारी, जो प्रत्येक वाक्याला जोडलेला कागद शोधतो. तिसरे तुझे सध्याचे प्राचार्य, कारण ना हरकत दाखला मागताना हेच कारण त्यांनाही लेखी द्यावं लागतं. दोन ठिकाणी दोन वेगळी कारणं लिहिली आणि दोन्ही पत्रं एकाच फाइलला लागली, तर संशय तुझ्यावरच येतो.

या तिघांसमोर तुझं पहिलं कारण सर्वांत भक्कम आहे. ते शैक्षणिक आहे, त्यात कोणाची निंदा नाही आणि ते एका कागदाने सिद्ध होतं. प्राचार्यांकडून दोन ओळींचं पत्र घे: 'या महाविद्यालयात द्वितीय वर्षापासून संख्याशास्त्र हा मुख्य विषय म्हणून उपलब्ध नाही.' हे पत्र मिळालं की ना हरकत दाखला नाकारायलाही त्यांच्याकडे फारसं काही उरत नाही, कारण तू मागतोस ते तिथे नाहीच हे त्यांनीच लिहून दिलेलं असतं.

दुसरं कारण, वडिलांची बदली, हे आधाराचं कारण. सोबत बदलीचा आदेश लागेल. खाजगी कारखाना असेल तर कंपनीच्या कागदावर, कर्मचारी क्रमांक आणि रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र. आदेश नसेल तर हे कारण लिहूच नकोस, नुसत्या शब्दाला इथे किंमत नाही.

तिसरं कारण अर्जात अजिबात नको. उशिरा निकालाचा त्रास खरा आहे आणि मुलांचं त्यात फार नुकसान होतं, हे मान्य. पण ही तक्रार आहे. ती लिहिलीस तर ज्यांची सही हवी त्यांनाच दुखावशील, आणि नव्या कॉलेजला त्यावरून तुझ्या अभ्यासाबद्दल काहीच कळणार नाही. चौथं कारण थोडं वळवून पहिल्यात घालता येईल: नव्या अभ्यासक्रमात संगणकावरची प्रात्यक्षिकं आहेत आणि तुला ती हवी आहेत, एवढंच. मात्र मनाशी स्पष्ट ठेव, 'आर' आणि पायथन दोन्ही फुकट आहेत आणि स्वयम्, एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर त्यांचे अभ्यासक्रम आहेत. तेवढ्यासाठी विद्यापीठ बदलायची गरज नाही. पाचवं कारण मनात असू दे. पदवीचं कॉलेज नोकरीसाठी निवडलं असं वाचणाऱ्याला वाटलं की विषयाची ओढ खोटी वाटू लागते.

वैद्यकीय कारण जोडून अर्ज वजनदार करायचा सल्ला कोणी देईल. आजार नसेल तर तसलं प्रमाणपत्र आणू नकोस. खोटा कागद पुढे कधीही पकडला गेला तरी प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि तोवर जुन्या ठिकाणचं नावही गेलेलं असतं.

अर्ज एका पानात बसव. मजकूर साधारण असा:

'मी ___ विद्यापीठाच्या ___ महाविद्यालयातून बी.एस्सी. प्रथम वर्ष (गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र) उत्तीर्ण झालो आहे. मला संख्याशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवी पूर्ण करावयाची आहे. सध्याच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षापासून हा विषय मुख्य विषय म्हणून उपलब्ध नाही. प्राचार्यांचे पत्र सोबत जोडले आहे. माझ्या वडिलांची नोकरीनिमित्त पुणे जिल्ह्यात बदली झाली असून आदेशाची प्रत जोडली आहे. प्रथम वर्षाच्या दोन्ही अभ्यासक्रमांची तुलना सोबतच्या तक्त्यात दिली आहे. द्वितीय वर्षात जागा रिक्त असल्यास माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही विनंती.'

यातला तक्ता हा अर्जाचा खरा जीव आहे. तो न जोडणाऱ्यांचे अर्ज विभागप्रमुखाच्या टेबलावर पडून राहतात, कारण ती तुलना मग त्याला स्वतः करत बसावी लागते. डावीकडे तुझ्या प्रत्येक पेपरचा सांकेतांक, नाव, क्रेडिट, थिअरी की प्रॅक्टिकल, तास, गुण. उजवीकडे नव्या विद्यापीठाचा त्याच जागेचा पेपर. शेवटच्या रकान्यात कोणते घटक दोन्हीकडे आहेत आणि कोणते नाहीत.

जुळणी करताना तास बघ, नुसती नावं नाही. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. समज, तुझ्याकडे संख्याशास्त्राचे ४ क्रेडिट ३ थिअरी आणि १ प्रॅक्टिकल असे असतील आणि तिकडे २ आणि २ असतील, तर बेरीज सारखी दिसली तरी प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट, म्हणजे ३० तास, कमी पडतो. तो भरून काढायला अतिरिक्त पेपर किंवा प्रात्यक्षिक लावतात. हे तक्त्यात स्वतःच लिहून 'हे पूर्ण करण्यास तयार आहे' असं म्हणालास तर काम सोपं होतं. मुख्य विषयांत घटक बघून जुळणी होते. भाषा, पर्यावरण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम यांत बहुधा क्रेडिट बघूनच निभावतं. गाडं अडतं ते खुल्या वैकल्पिक विषयावर, कारण तो दुसऱ्या विद्याशाखेचा असावा अशी अट असते.

तुझ्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पहिल्या वर्षाच्या तीन विषयांत संख्याशास्त्र आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तीन विषय आणि दुसऱ्या वर्षी त्यांतलाच एक मेजर, अशी रचना जिथे आहे तिथे पहिल्या वर्षी तो विषय नसणाऱ्याला मेजर मिळतच नाही. भौतिक-रसायन-गणित घेतलेल्या मुलांनी हा धागा वाचून पुण्याची गाडी पकडू नये.

फर्ग्युसनसारख्या स्वायत्त कॉलेजांसाठी वेगळा तक्ता कर. त्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची स्वतःची असते, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशी केलेली तुलना तिथे चालत नाही.

वऱ्हाडी_पोरगा

सर, खूप आभार. प्राचार्यांचं पत्र उद्याच मागतो. एक गोष्ट लिहायची राहिली. दुसऱ्या सत्रात खुल्या वैकल्पिक विषयात, २ क्रेडिटच्या पेपरात, नापास आहे. पुनर्मूल्यांकनाला टाकलं आहे. एबीसीत ४४ नाही, ४२ दिसतात. त्यामुळे अडेल का?

खिडकी_क्रमांक_चार

अडेल. आणि अर्जात लपवलंत तर जास्त अडेल, कारण गुणपत्रिकेवर ते दिसतंच. मास्तरांच्या मसुद्यात 'उत्तीर्ण' लिहिलं आहे, ते आत्ता तसंच लिहू नका.

एटीकेटीवर, म्हणजे एखादा पेपर राहिलेला असताना, तुमच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बसता येतं, पण ती सवलत त्याच विद्यापीठापुरती. राहिलेला पेपर जुन्या विद्यापीठाचा, तो त्यांच्याच परीक्षेत सोडवावा लागतो. मायग्रेशन घेतलं की तुम्ही त्यांचे विद्यार्थी उरत नाही. म्हणून बॅकलॉग असलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक विद्यापीठं घेत नाहीत. पुनर्मूल्यांकन चालू असतानाही मायग्रेशन काढू नका. गुण बदलले तर जुनी गुणपत्रिका जमा करून दुरुस्त प्रत घ्यावी लागते, आणि नव्या विद्यापीठात तोवर जुनीच गेलेली असली तर दोन्हीकडे खुलासे देत बसावं लागतं.

पुनर्मूल्यांकनात सुटलात तर दुरुस्त गुणपत्रिका घ्या, एबीसीत क्रेडिट ४४ झाले का ते डिजिलॉकरमध्ये बघा (गुणपत्रिका दुरुस्त झाली तरी एबीसीत जुनाच आकडा राहिलेला अनेकदा दिसतो, मग परीक्षा विभागाला अर्ज द्यावा लागतो) आणि मग पुढे जा. सुटला नाहीत तर तुमच्या विद्यापीठाची पुरवणी परीक्षा प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी आहे का ते विचारा. नसेल तर यंदा बदली होणार नाही असं धरून चाला.

आणखी एक. उशिरा प्रवेश झाला तरी सत्राचे अध्यापनाचे दिवस तेवढेच, ९०, आणि हजेरीची अट ७५ टक्के. महिनाभर उशिरा पोचलात तर सुरुवातच तुटीत होते. प्रवेशाच्या तारखेपासून हजेरी मोजावी असा अर्ज पहिल्याच दिवशी देऊन ठेवा.

अकोला_पॅसेंजर

सगळे पुण्याचा रस्ता सांगत आहेत, पण माझ्या मते आधी जवळचं तपासायला हवं. तुझं मुख्य कारण संख्याशास्त्र मेजर आहे ना? मग तुझ्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजात तो मेजर आहे का ते बघ. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालयांची यादी विषयवार मान्यतेसह असते, नसेल तर संलग्नता विभागात विचार.

विद्यापीठ तेच राहिलं तर मायग्रेशन नाही, नवा पीआरएन नाही, पेपर जुळवण्याचा तक्ता नाही (कॉलेज स्वायत्त नसेल तर). फक्त कॉलेज बदलायची परवानगी आणि ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट. तुझा २ क्रेडिटचा बॅकलॉगसुद्धा तिथे चालेल, कारण परीक्षा घेणारं विद्यापीठ तेच आहे. पुणे विद्यापीठ तुला का हवं, याचं उत्तर 'घर तिकडे जातंय' असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं नाव हवं असेल तर एक वर्ष पणाला लावण्याइतकं ते मोठं कारण नाही.

तिसराही मार्ग आहे. इथेच गणित मेजर ठेव, संख्याशास्त्र मायनर (दुय्यम विषय) म्हणून मिळत असेल तर घे आणि एम.एस्सी.ला पुण्याला जा. यूजीसीच्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून करता येतात, विद्यापीठाने मान्य केले तर. संभाव्यता, प्रतिगमन, नमुना निवड हे विषय तिथून होतात. आयआयटीच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा स्वतंत्र पेपर आहे, त्याची तयारी गणिताचा पाया पक्का असणाऱ्याला जड जात नाही. एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या प्रवेशाला पदवीत त्या विषयाचे किती क्रेडिट मागतात, हे मात्र विद्यापीठागणिक वेगळं असतं. ते आत्ताच वाच, तिसऱ्या वर्षी नाही.

संख्याशास्त्र_मास्तर

अकोल्याचा सल्ला योग्य आहे, मी त्याला पहिला क्रम देईन. फक्त मायनरच्या भरवशावर राहताना एक बघ: मायनरमध्ये अनुमानशास्त्र, म्हणजे आकलन आणि परिकल्पना चाचणी, येतं का. बहुतेक ठिकाणी मायनर वर्णनात्मक संख्याशास्त्र आणि प्राथमिक संभाव्यता यांवरच थांबतो. एम.एस्सी.ला पहिल्याच सत्रात ती उणीव जाणवते आणि मुलं तिथेच धडपडतात.

शिष्यवृत्तीवाली_ताई

कारणांबद्दल सगळ्यांनी लिहिलं, पण हीच कारणं शिष्यवृत्तीच्या फाइलीतही जातात, त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या (तुमची भारत सरकार शिष्यवृत्ती तीच) केंद्राच्या नियमांत स्पष्ट आहे की राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. म्हणून बदलीचं पक्कं झालं की समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. सोबत ना हरकत दाखला, नव्या कॉलेजचं पत्र आणि तेच कारण, तेच शब्द. पोच घ्या. जुन्या कॉलेजातून दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा अर्ज महाडीबीटीवर भरू नका. भरला असेल तर आधी रद्द करून घ्या, नाहीतर नव्या कॉलेजातून भरताना अर्ज अडकतो.

दुसरं, स्वाधार योजनेचा (वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्यासाठी मदत) विचार करत असाल तर नीट ऐका. पुण्यात स्वाधारचे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, पण विद्यार्थी तिथला स्थानिक नसावा आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळालेला नसावा, अशी अट आहे. तुम्ही अर्जात 'कुटुंब पुण्यात येत आहे' असं लिहून पुढे स्वाधारसाठी 'मी बाहेरगावचा' असं लिहू शकत नाही. दोन्ही कागद शासनाच्याच दप्तरात असतात. आईवडील खरंच चाकणला राहायला येणार असतील तर स्वाधार धरू नका. वडील एकटे येणार आणि घर गावीच राहणार असेल तर 'कुटुंब स्थलांतरित' हे शब्द अर्जात घालू नका, फक्त वडिलांची बदली लिहा आणि सहायक आयुक्त कार्यालयात आधी विचारून घ्या.

वऱ्हाडी_पोरगा

आई आणि बहीण गावीच राहणार आहेत, ताई. म्हणजे फक्त बदली लिहितो. आता असं ठरवतो: आधी आमच्याच विद्यापीठातली कॉलेजं बघतो, पुनर्मूल्यांकनाची वाट बघतो, तक्ता तोवर करून ठेवतो. शेवटचा प्रश्न, तोपर्यंत इथे दुसऱ्या वर्षाची फी भरू का? भरली आणि नंतर सोडलं तर पैसे जातील.

खिडकी_क्रमांक_चार

भरा. जागा हातात असणं जास्त महत्त्वाचं. शिष्यवृत्तीधारक असल्यामुळे आत्ता पूर्ण फी मागत असतील तर शासनाच्या सवलतीची आठवण करून द्या.

सोडलंत तर परतावा मिळतो. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेतले टप्पे असे: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी रद्द केलं तर १०० टक्के (प्रक्रिया शुल्क वजा करून), १५ दिवसांच्या आत ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. काही वर्षी यूजीसी वेगळ्या, जास्त सवलतीच्या तारखा जाहीर करते. २०२४-२५साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कपात अशी सूचना होती. यंदाची सूचना यूजीसीच्या संकेतस्थळावर बघा.

प्रवेश रद्द करताना एलसीवर शेरा काय येतो ते खिडकीवरच वाचा. 'द्वितीय वर्षात शिकत असताना सोडले' एवढंच लिहिलं तर नव्या ठिकाणी तिसऱ्या सत्राचा निकाल मागत बसतात. 'प्रथम वर्ष उत्तीर्ण, द्वितीय वर्षाचा प्रवेश रद्द' असं स्पष्ट लिहून घ्या. आणि रद्द करण्याच्या अर्जावर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका. कपातीचा टप्पा तुमचा अर्ज कॉलेजला मिळाल्याच्या तारखेवरून ठरतो, पैसे कधी मिळाले यावरून नाही.